घसरवण्यासाठी घेतलेली गाडी

मेधाताईंचा फोन आला तेव्हा मी कोलशेतच्या घरी दाढी करत होतो. "प्रमोदराव, हे गेले हो..." एवढंच त्या बोलू शकल्या. आणि मी, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा, गेलेल्या माणसाचा इतक्या वर्षांचा साडू, पहिलं काय विचारावं? "गाडीत होते का?" मग त्या म्हणाल्या, "नाही. खुर्चीत. पेपर वाचत होते." हृदयविकाराचा झटका. याला आता दीड महिना झाला, पण डोंबिवलीच्या त्या घरी भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आवाज खाली आणून हेच विचारतो... गाडीतच ना? मला दर वेळी चीड येते, आणि लगेच आठवतं की सुरुवात मीच केली होती.

त्या गाडीने आमच्या दोन्ही घरांना वैताग आणला होता, हे मात्र खरं. मेधाताईंचे यजमान अविनाशराव विम्याचे सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, काय मोडलं, का मोडलं, कोणाचं चुकलं ते लिहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. स्वतः इतक्या जपून चालवायचे की रिक्षावाले शिव्या घालत पुढे जायचे. अशा माणसाने एके दिवशी एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार विकत घेतली. कोणा जहाजावरच्या अधिकाऱ्याने फार पूर्वी बाहेरून आणलेली, नंतर शहाडच्या एका गॅरेजात धूळ खात पडलेली. दोनच दरवाजे, मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत सरपटत जायचं. तिला टर्बो होता, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. "चालवायला नाही घेतली," ते मला म्हणाले, "घसरवायला घेतलीय. ड्रिफ्टिंग म्हणतात. वळणावर मागची चाकं मुद्दाम सोडायची आणि गाडी आडवी न्यायची." मी म्हटलं, "अहो, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आमची स्कूटर पावसात आपली आपण घसरते." ते हसले. "ती घसरते, प्रमोदराव. ही घसरवायची. फरक आहे."

मग माझे रविवार शहाडला जाऊ लागले. बायको म्हणायची, "जाऊ नका ना मग!" आणि मी बूट घालत असायचो. आधी मागची सीट काढली, वजन कमी करायला. मग एसी काढला. मे महिन्यात, कल्याणच्या उन्हात! मग मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरावीत म्हणून त्यांच्यामधला गिअर कायमचा जोडून टाकला. घसरवायला ते लागतं म्हणे. पण त्यामुळे सोसायटीच्या आवारात साधं वळण घेतानाही टायर किंचाळायचे आणि गाडी बेडकासारखी उड्या मारायची. सेक्रेटरी गॅलरीतून ओरडायचे, "अविनाशराव, तुमचं काहीतरी तुटलंय!" हे खालून, "नाही हो, मुद्दाम केलंय!" आणि कहर म्हणजे, असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवणं नियमात बसत नाही, म्हणून हे गेटपासून पार्किंगपर्यंतच ती चालवायचे. बाहेर न्यायची तर टोइंगच्या ट्रकवर चढवून. नियमाने वागणाऱ्या माणसाने असला छंद करू नये, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं!

दसऱ्याला तर हद्द झाली. एअर फिल्टर धुऊन वाळत ठेवला होता, बॉनेट उघडं, टर्बोकडे जाणारा पाइप उघडा. आमच्या सासूबाई आरतीचं ताट घेऊन खाली आल्या आणि "इंजिन म्हणजेच गाडीचा जीव" म्हणत त्यांनी इंजिनावर सढळ हाताने अक्षता टाकल्या. अविनाशरावांनी फिल्टर लावला, नमस्कार केला, किल्ली फिरवली आणि अंमळ पाय दाबला. किर्र... सासूबाई खूश. "बघा, बोलली गाडी!" मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या पात्याला तांदळाचा एक दाणाही पुरतो. शहाडच्या मेकॅनिकने टर्बो उघडला, आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "साहब, इसमें चावल किसने डाला?" परत येताना अविनाशराव एवढंच म्हणाले, "आईंना काही बोलू नका." दुसरा टर्बो मिळेपर्यंत पावसाळा येऊन गेला. सासूबाईंना हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. आता वाचतील.

अखेर खडवलीजवळ ओळखीतल्या एकाचं सपाट केलेलं माळरान मिळालं. जुने टायर मांडून वळण आखलं. मी कडेला उभा. गाडी आली, हँडब्रेक ओढला, मागचा भाग धूळ उडवत बाहेर गेला... आणि गाडी सरळ झाली. पुन्हा तेच. पुढच्या रविवारी तेच. मागचा भाग सुटला की अॅक्सिलरेटरवर पाय दाबून ठेवायचा असतो. यांचा पाय उचलला जायचा. "आयुष्यभर लिहीत आलो ना, चालकाने वेग कमी करायला हवा होता," ते म्हणायचे, "पायाला तेच पाठ झालंय." मी महिनोन्‌महिने ऐकलं. एका रविवारी उन्हात उभा राहून माझं डोकं फिरलं. "अविनाशराव, तुमच्याच्याने हे होणार नाही! विकून टाका तो डबा, आणि मला माझे रविवार परत द्या!" त्याच आठवड्यात त्यांनी गाडी विकायची जाहिरात टाकली. मला वाटलं, सुटलो. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

गिऱ्हाइकांचे फोन अजून त्यांच्या मोबाइलवर येतात. मेधाताई तो माझ्या हातात देतात, आणि समोरचा हमखास विचारतो, गाडी ड्रिफ्ट होते का? गेल्या रविवारी मेधाताई म्हणाल्या, "मला दाखवा तरी, ते काय करायचे तिथे." ट्रक बोलावला, खडवलीला गेलो. त्या गाडीत त्या पहिल्यांदाच बसल्या. स्टिअरिंगवर मी बसलो आणि पाठीमागे उशी घेतली, अविनाशरावांच्या उंचीला बसवलेली सीट सरकत नाही. वेग घेतला, हँडब्रेक ओढला. मागचा भाग सुटला, माळरान काचेतून आडवं धावू लागलं, आणि पाय दाबून ठेव, दाबून ठेव, असं मनात ओरडत असताना माझा पाय उचलला गेला. मी तर कधी एकही अपघात तपासलेला नाही.

"हेपण असंच करायचे?" मेधाताईंनी विचारलं.

"हो. असंच." आजवर कडेला उभं राहून ओरडणं किती सोपं होतं...

मी किल्लीकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "लगेच नका बंद करू. गरम टर्बो जरा थंड होऊ द्यायचा असतो. खाली पार्किंगमध्ये इंजिन वाजत राहायचं, हे आपले आत बसून. तो आवाज आला की मी चहा टाकायचे."

इंजिन वाजत राहिलं. आम्ही दोघं समोर बघत बसलो. आता बंद करा, असं त्या कधी म्हणतात त्याची मी वाट बघत होतो, आणि त्या म्हणत नव्हत्या.