अळणी पिठलं

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, जर्मनीत, रेगेन्सबर्गला. जो बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो मी रिपोर्टमध्ये घेत नाही. असले गूढ अनुभव वाचून हसणाऱ्यांतलाच मी... म्हणून तर हे लिहायला तीन वर्षं लागली.

आमच्या वरच्या मजल्यावर लुपे राहते, मेक्सिकोची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यात दिवंगत माणसांचा सण असतो. म्हणजे आपला पितृपक्षच, पण रंगीत, हसतखेळत. टेबलावर त्यांचे फोटो, झेंडूची फुलं, साखरेच्या कवट्या, गोड पाव आणि त्यांच्या आवडीचं जेवण मांडायचं. त्या वर्षी तिने आम्हालाही बोलावलं. म्हणाली, "वडिलांचा फोटो आण. त्यांना आवडायचं ते काहीतरी करून आण."

सकाळी सगळे तिच्याकडे पातळ कागदाच्या नक्षीदार पताका कातरत बसलो होतो. मला अण्णा आठवत राहिले. गणपतीत ते स्टोव्हवर खळ शिजवायचे, आणि सुतळीला पताका चिकटवता चिकटवता आमच्या नाकाला खळ फासायचे. आई ओरडायची, "अहो, तुम्ही तरी मोठे व्हा आता!"

मग खाली घरी येऊन मी पिठलं केलं. आणि चाखलं. माझी बायको मृदुला बघतच राहिली.

"अरे, नैवेद्य कुणी चाखतं का? उष्टं केलंस!"

"मीठ बघतोय."

कारण तिला माहीत होतं.

आता सांगतोच. अण्णा शेवटचे चार महिने आमच्याकडे होते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी बंदच केलं. मिठाची बरणी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन ठेवली, कुलूप लावून, किल्ली माझ्या खिशात. शेवटच्या दुपारी ते म्हणाले, "चिमूटभर दे रे. तोंडाला चवच नाही."

मी म्हणालो, "अण्णा, लहान मुलासारखं करू नका."

त्यांनी ताट अर्धं तसंच बाजूला सारलं. पहाटे झोपेतच गेले. पुण्याला फोन करून मी सगळ्यांना सांगितलं — पोटभर जेवून गेले.

तर, त्या पिठल्यात मी सढळ हातानं मीठ घातलं होतं. "उष्टं झालंच आहे तर..." म्हणत मृदुलानंही चाखलं. "खारट झालंय जरा," म्हणाली. लुपेनं पातेलं अण्णांच्या फोटोपुढे ठेवलं. शेजारी पाण्याचा पेला आणि वाटीभर मीठ. त्यांच्या रीतीत मीठ लागतंच. मी नजर वळवली.

दोन तासांनी तेच सगळं जेवायला घेतलं. लुपेचा रस्सा झणझणीत, पाव गोड. पिठल्याचा घास घेऊन माझी मुलगी ईरा म्हणाली, "बाबा, श्मेक्ट नाख निक्स!" कशाचीच चव नाही. मृदुलानं चाखलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

अळणी... अगदी अळणी.

"गेनाऊ, अगदी बरोबर," लुपे म्हणाली. "ते जेवले की मागे चव उरत नाही, असं आजी सांगायची. मी मात्र पहिल्यांदाच बघतेय."

नंतर मी तेच पीठ, तेच मीठ, तेच माप घेऊन तीनदा पिठलं केलं. तिन्ही वेळा खारट. कारण अजूनही सापडलेलं नाही.

त्या दुपारी मृदुलानं मिठाची वाटी हळूच माझ्याकडे सरकवली होती. मी मीठ घेतलं नाही. अण्णांना चार महिने जे वाढत होतो, ते पहिल्यांदा स्वतः खाल्लं. ताट संपेपर्यंत.