तीनशे अकरा घरांचा मालक

सकाळपासून धुकं असं दाट बसलं होतं, की ऑफिसच्या फाटकातून आत येणारी माणसं आधी चपलांच्या आवाजानं कळत आणि मग दिसत. अशा दिवसांत कागद ओल धरतात. म्हणून वाचाबाईनं आल्या आल्या रेकॉर्डच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, टेबल कोरड्या फडक्यानं पुसलं, गठ्ठ्याची गाठ सोडून आजचं रजिस्टर काढलं आणि पानापानांच्या सांध्यातून मऊ ब्रश फिरवला. एक चंदेरी कसर सुळकन पळाली. वाचाबाईनं तिला मारलं नाही, नुसती फुंकर घातली. "जा बाई, निम्मं शहर खाऊन झालं तुझं, आता पुरे कर."

वाचाबाई हे तिला ऑफिसनं दिलेलं नाव. तीस वर्षांपूर्वी ती फाटकी पानं चिकटवायला म्हणून या खोलीत लागली. चिकटवता चिकटवता तिला जुनी अक्षरं लागायला लागली. जे अक्षर कुणालाच लागत नसे ते घेऊन साहेब तिच्याकडे येत आणि म्हणत, "वाचा, बाई." साहेब बदलत गेले, 'वाचा, बाई' मात्र राहिलं आणि त्याची वाचाबाई झाली.

रजिस्टरं लिहिणारे कारकून केव्हाच मातीला मिळाले होते. तिनं त्यांतला एकही पाहिलेला नव्हता, पण अक्षरावरून सगळे तिच्या ओळखीचे. एकाचा र लंगडा. दुसरा दर पानाला शाईचा एक ठिपका पाडणारच. आणि तिसरा शेपटीवाला. याचं अक्षर मोत्यासारखं, पण माणूस हाताचा आळशी. एकाच मालकाची ओळीनं चार घरं आली तर चार वेळा नाव कोण लिहिणार? पहिल्या ओळीत नाव लिहायचं आणि खाली तीनदा 'कित्ता'. जुन्या दप्तरात कित्ता म्हणजे 'वरच्याप्रमाणेच'. त्या कित्तातल्या शेवटच्या कान्याला हा गडी अशी लांब शेपटी काढायचा, की ती खालच्या ओळीच्या डोक्यावर जाऊन टेकायची.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला. शहरातली सगळी घरं आणि जागा कॉम्प्युटरवर घ्यायच्या, मग रजिस्टरं गठ्ठे बांधून कायमची बंद. रजिस्टर वाचायला वाचाबाई आणि टाइप करायला एक ऑपरेटर. हा ऑपरेटर आधी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात होता. तीन पोरांचा बाप, हात विजेसारखा, डोकं मात्र कामाच्या वेळी घरी ठेवून यायचा. स्वतःच सांगायचा, "बाई, मी एकदा पत्रिकेत नवरीच्या जागी सासूचं नाव छापलंय. सांगणाऱ्यानं सांगितलं, मी छापलं. आपण सांगकामे."

धुक्याच्या त्याच सकाळी तो हातात छापील याद्यांचं भेंडोळं घेऊन आला. तोंडभर हसत होता.

"बाई, शहरातला सगळ्यात मोठा घरमालक सापडला. तीनशे अकरा घरं!"

"कोण रे?"

"कित्ता."

वाचाबाईच्या हातातला ब्रश तसाच राहिला. यादी मालकांच्या नावानं लावली होती आणि तीनशे अकरा ओळींत एकच नाव, एकाखाली एक. चूक कुणाची हे तिला कुणी सांगायला नको होतं. शेपटीवाल्याची रजिस्टरं वाचताना, सुरुवातीच्या दिवसांत, तिनंच घाईघाईनं समोर दिसेल ते वाचलं होतं. 'घर नंबर अमुक, कित्ता. घर नंबर तमुक, कित्ता.' तीस वर्षांत तिला हा शब्द इतका अंगवळणी पडला होता, की तो दुसऱ्याला कळणार नाही हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"अरे बाबा, तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, हा कोण म्हणून?"

"मला वाटलं असेल कुणी बडं प्रस्थ. पैसेवाल्यांची नावं कशीही असतात."

तिनं बोट फिरवत यादी खालपर्यंत नेली. दोनशे सत्तावन्नाव्या ओळीवर बोट थांबलं. ते तिचं राहतं घर होतं. ती आणि तिची म्हातारी आई, दोन खोल्या, वर पत्रा.

तीनशे दहा घरांचं सोपं होतं. रजिस्टर उघडायचं, कित्ताच्या वरची ओळ बघायची, खरं नाव मिळतं. या एका घराचं तसं नव्हतं. त्याची ओळ पानाच्या अगदी माथ्यावर होती. घराखालच्या जागेची नोंद आधीच्या पानाच्या शेवटच्या ओळीत, आईच्या नावावर. पान उलटून घराची नोंद, कित्ता. आणि ते आधीचं पान वाळवीनं नेलं होतं. घरच्या पेटीतला कागद तर त्याच्याही आधी भुकटी झाला होता. म्हणजे आता वाचाबाईच्या घराच्या माथ्यावर कित्ता होता आणि कित्ताच्या माथ्यावर काहीच नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, मला सगळं कळतंय. पण मशीन नाव बदलू देत नाही. आधी नोंदलेल्या मालकाला नोटीस, मग सुनावणी. मालक आला नाही तर नाव बदलेल."

"आणि आला तर?"

"आला तर घर त्याचं." साहेब हसले. "पण येणार कोण? तो काय माणूस आहे?"

शिपायानं चार दिवस नोटिसा वाटल्या. हा शिपाई म्हणजे ऑफिसातला सगळ्यात बोलका माणूस, गल्लीतल्या कुत्र्यालाही ख्यालीखुशाली विचारणारा. पाचव्या दिवशी तो पोचपावत्यांचा गठ्ठा घेऊन आला, वाचाबाईच्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता पाणी प्यायला लागला.

"झाल्या का सगळ्या परत?"

"परत कशाला? पोचल्या. तीनशे अकराच्या तीनशे अकरा."

"घेतल्या कुणी?"

"मालकानं. दार वाजवलं, माणूस बाहेर आला, सही केली, आत गेला."

वाचाबाईनं वरची पावती उचलली. सहीच्या जागी 'कित्ता'. मोत्यासारखं अक्षर, शेवटच्या कान्याला लांब शेपटी. तिनं दुसरी पाहिली, दहावी पाहिली, मधूनच शंभरावी ओढून काढली. शेपटी तेवढीच, तशीच, त्याच जागी किंचित डावीकडे वळलेली.

"दिसायला कसा होता रे माणूस?"

"कसा म्हणजे? आधीच्या घरी होता तसाच."

"म्हणजे?"

"म्हणजे तिसऱ्या घरी दुसऱ्या घरी होता तसा. दुसऱ्या घरी पहिल्या घरी होता तसा." बोलता बोलता शिपाई अडखळला. पेला खाली ठेवला.

"आणि पहिल्या घरी कसा होता?"

शिपायानं खूप आठवून पाहिलं. "बाई," तो म्हणाला, "पहिलं घर मला आठवतच नाही."

त्यानंतर त्यानं नोटिसा वाटायचं काम दुसऱ्याला दिलं आणि स्वतः फाटकावर बसायला मागून घेतलं.

वाचाबाई त्या दिवशी दुपारीच घरी आली. आई पुढच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. वय झालेलं, ऐकू कमी, पण हात चालू.

"आई, या चार दिवसांत कुणी कागद घेऊन आलं होतं?"

"आलं होतं की. तो तुमचा बोलघेवडा."

"मग कागद तू घेतलास ना?"

"मी कशाला? माझे हात ओले होते. त्यानं घेतला."

"कुणी?"

"वरच्यानं."

वाचाबाईनं मान वर करून पाहिलं. त्यांच्या घराला वर काही नव्हतंच. पत्रा होता आणि पत्र्यावर आभाळ.

"आई, वरचा कोण? इथे आपण दोघीच राहतो."

"ओरडू नकोस, ऐकू येतं मला. वरचा म्हणजे वरचा. मला काय त्याचं नाव ठाऊक? माणूस शांत आहे. बसतो, लिहितो." आईनं एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. "तुझ्याबद्दल विचारत होता. म्हणाला, तीच का ती, मोठ्यानं वाचणारी?"

वाचाबाईनं दोन्ही खोल्या पाहिल्या. खाटेखाली वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं. मागच्या खोलीतल्या टेबलावर नोटीस होती. तिची घडी जुन्या दप्तरी पद्धतीची, तीन उभी आणि एक आडवी. आईला तशी घडी घालता येत नव्हती. आणि ऑफिसातही तशी घडी आता कुणी घालत नव्हतं, वाचाबाई सोडून.

सुनावणी सोमवारी सकाळी अकराला होती. रविवारभर वाचाबाईच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. माणूस नोटीस घेतो, सही करतो, तर हजरही होईल. आणि हजर झाला की या वयात आईला घेऊन जायचं कुठे?

सोमवारी तिनं आईला हाताला धरून ऑफिसात आणलं. दाराशी हजेरीचा कागद होता, आलेल्यानं नाव लिहायचं. बाकीच्या तीनशे दहांचा निकाल कागदावरच लागणार होता, म्हणून आज बोलावणं एकाच घराला होतं. आईनं जिभेचं टोक बाहेर काढून, लहान मुलीसारखं, आपलं पूर्ण नाव लिहिलं. कागदावर तेवढी एकच ओळ. मग बाकावर जाऊन बसली आणि बसल्यावर थोडी सरकली. बाक रिकामा होता, तरी सरकली.

पुकारा करायचं काम वाचाबाईकडेच होतं. ती उभी राहिली.

"कित्ता हजर आहे काय?"

खोलीत मशीनची घरघर.

"कित्ता हजर आहे काय?"

ऑपरेटरनं उगाच मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"कित्ता हजर आहे काय?"

कुणी ओ दिली नाही. साहेब म्हणाले, "चला, सुटलो. तो हजेरीचा कागद द्या, त्याच्यावर शेरा मारतो." शिपायानं दाराशी ठेवलेला कागद लांबूनच, दोन बोटांत धरून आणला. साहेबांनी तो पाहिला आणि त्यांचा हात थांबला.

"बाई, इथे दोन नावं आहेत."

कागदावर आईच्या नावाखाली दुसरी ओळ होती. शाई ओली होती. शेपटी कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

साहेबांनी खोलीत नजर फिरवली. ते स्वतः, ऑपरेटर, शिपाई, वाचाबाई, बाकावर आई. आईच्या शेजारी एका माणसापुरती जागा. साहेबांचा आवाज खाली आला. "सही आहे म्हणजे हजर आहे. मला तसं घ्यावं लागेल. काय लिहिलंय ते रेकॉर्डसाठी मोठ्यानं वाचा, बाई."

वाचाबाईनं कागद हातात घेतला. ऑपरेटरची बोटं कीबोर्डवर तयार होती. ती जे म्हणेल ते तो टाइप करणार होता, डोकं घरी ठेवून. ओठांवर तोच सवयीचा शब्द आला होता. तो आता बाहेर पडला असता, तर घर गेलंच होतं.

तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मग ते बोट हळूच उचललं आणि वरच्या ओळीवर नेलं. पहिल्यांदाच या कित्ताच्या माथ्यावर, त्याच पानावर, तिच्या आईचं नाव होतं.

तिनं आईचं नाव वाचलं. पूर्ण, सावकाश, एकेक अक्षर.

मग बोट खाली आणलं आणि पुन्हा आईचंच नाव वाचलं.

"बाई, हे दोनदा झालं," ऑपरेटर म्हणाला.

"दोनदाच आहे. कित्ता म्हणजे वरचाच. माणूस लिहून देतोय की मालक वरचाच, तर तसंच घे."

ऑपरेटरनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी इतक्या घाईनं मान हलवली, की चष्मा नाकावर घसरला. कीबोर्ड वाजला. मशीन जरा वेळ थांबलं, मग दोनशे सत्तावन्नाव्या ओळीतून कित्ता गेला आणि आईचं नाव आलं.

बाकावरची आई पुन्हा आपल्या जागी सरकून बसली.

"गेला," ती म्हणाली.

"काही बोलला?" वाचाबाईनं विचारलं. आपण हे विचारतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"फार नाही. म्हणाला, पोरीला सांगा, नीट वाचत जा." आईनं पदर सावरला. "चल आता, मला घरी सोड. शेंगा उघड्यावर आहेत."

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. वाचाबाईनं खिडक्या उघडल्या, टेबल पुसलं. हजेरीच्या वहीत त्या पानावरची शेवटची ओळ तिच्या वाट्याला आली होती. तिथे सही केली आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर कित्ता यायला नको म्हणून खाली पट्टीनं एक जाड रेघ ओढून टाकली. मग शेपटीवाल्याचं पहिलं रजिस्टर काढून सांध्यातून ब्रश फिरवला. तीनशे दहा घरं अजून राहिली होती.

ऑपरेटरनं खुर्ची ओढली. "वाचा, बाई."

तिनं कित्तावर बोट ठेवलं, ते वरच्या ओळीवर नेलं आणि नाव वाचायला सुरुवात केली.