डबा मागंच राहिला

आत्यानं एकाच काकूंची भगर दळली, आणि मी धाराशिवकडच्या आमच्या वाशीतल्या बेचाळीस घरांना 'तुमचं दळण झालं, घेऊन जा' असा निरोप धाडला.

धाडला फोननं, पण प्रोग्राम माझा. धाराशिवला मी दिवसभर जावास्क्रिप्ट लिहितो आणि त्याचा पगारही मिळतो, हे आत्याला अजून खरं वाटत नाही. तिच्या गिरणीवर बसून वाट बघायला बाया कंटाळल्या होत्या. स्टँडकडं नवी गिरणी निघाली होती, आणि गिऱ्हाईक एकेक करून तिकडं वळत होतं. "आपण घरपोच निरोप देऊ," मी म्हणालो. म्हणताना छाती जरा जास्तच पुढं काढली असावी.

माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक डबा म्हणजे एक ऑब्जेक्ट. मालकिणीचं नाव, नंबर आणि निरोप द्यायची रीत, सगळं त्याच्याच पोटात. दळण उतरवून आत्यानं फोनवरचं बटण दाबलं की दळणाचं 'प्रॉमिस', म्हणजे दिलेलं वचन, पुरं होणार आणि साखळीतलं पुढचं काम सुरू होणार. त्या पुढच्या कामात, 'देन'च्या कंसात, मी नुसतं 'डबा.निरोप' लिहून मोकळा झालो. वाचायला काय गोड! पण अशानं निरोपाची रीत तेवढी पुढं जाते, डबा मागंच राहतो. ती 'धिस', म्हणजे 'हा माझा', म्हणून आपल्या डब्याकडं बघते, तर तिथं कुणीच नाही. नाव कुणाचं, नंबर कुणाचा? ती अडली. आणि अडलंच काही तर कुणी सुटायला नको, म्हणून मी शहाण्यानं आधीच सोय केलेली: सगळ्यांनाच निरोप.

श्रावणी सोमवारचा आदला दिवस. उपवासाचं पीठ म्हणून आत्यानं गिरणी पुसून पहिली भगर लावली होती; बाकी डबे तसेच रांगेत. अर्ध्या तासात दारात ही गर्दी.

"माझं झालं?"

"न्हाय."

"मग फोनवर आलंय ते?"

"फोनलाच इचारा," आत्या म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

रिटायर झालेल्या एका गुरुजींनी सरळ आपला डबा उचलला. "तिकडं निरोप येत न्हाय, पण पीठ तरी येतं."

"गुरुजी, ठेवा तुम्ही. आत्ता लावते तुमचंच," आत्या म्हणाली. आवाज बारीक झाला होता तिचा. गुरुजी गेले असते तर मागं निम्मी रांग गेली असती.

मी लॅपटॉप पोत्यावर ठेवून तिला काय बिघडलं ते सांगितलं. तिनं एका डब्याच्या कडीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी माझ्या नाकापुढं धरली. नाव, आणि खाली 'ज्वारी, बारीक'.

"ही सुटली तर आमी बी असंच गावभर बोंबलत फिरू. बांधायची असती बाबा. तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

सांगितलं होतं. कॉलेजात, पहिल्याच वर्षी. मी निरोप 'बाइंड' करून त्याच्या त्याच्या डब्याला बांधला. एका ओळीचं काम.

गुरुजींचं दळण उतरलं, आत्यानं भीतभीत बटण दाबलं. सगळ्यांनी आपापले फोन काढले. वाजला एकट्या गुरुजींचा. त्यांनी तो निरोप पूर्ण वाचला, गरम पिठात बोट घालून बघितलं, आणि म्हणाले, "बुधवारी गहू आणतो."

आत्या हसली. मीही जरा ताठ झालो. भगरवाल्या काकू दारातच टेकल्या होत्या.

"ताई, सुतळी उरली का?" त्या म्हणाल्या. "ह्या भाच्याला बी एक चिठ्ठी बांधा. कुठं इसरला तर कुणाचं येडं हाय ते तरी कळंल."