आई-बाबा, मी आणि पाच राजधान्या

आई-बाबांना युरोप दाखवताना फोटो आपल्याला काढावे लागतात, किस्से आपोआप निघतात. फोटोंचं एक बरं असतं, नको ते डिलीट करता येतात. किस्से मात्र आपल्या आधी विमान पकडून कांदिवलीला पोचतात! यंदा सुट्टीत चारकोपला घरी आले, तर जिन्यातच तळमजल्यावरच्या काकूंनी अडवलं, "काय गं, तुझ्या बाबांनी म्हणे रोम नापास केलं?" म्हटलं, आता गावभर होण्याआधी खरं काय घडलं ते आपणच सांगावं.

मी व्हिएन्नात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात दोघं महिनाभर माझ्याकडे आले होते. बाबा रिटायर्ड, म्हणजे फक्त ऑफिसातून. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ते अजून आहेतच, आणि त्यांच्या मते ते पद तहहयात असतं. दोघंही मूळचे मालवणकडचे. एरवी साधं मुंबईचं मराठी बोलतात, पण कुणी नडलं की बाबा थेट मालवणीत घुसतात.

---

"सुकी मासळी आणायची नाही हां," असं मी फोनवर तीनदा बजावलं होतं.

"छे गं! वेड लागलंय का आम्हाला?" बाबा म्हणाले. याचा अर्थ बॅग भरून झाली होती.

व्हिएन्नाच्या एअरपोर्टवर कस्टमचा कुत्रा त्या बॅगेपाशी आला आणि बसला. ऑफिसर ओढतोय, कुत्रा हलत नाही! शेवटी बॅग उघडली. सुकट, सुके बांगडे, वर्तमानपत्राची चार आवरणं. आईने हसून सांगितलं, "ड्राय फिश. विथ राइस. व्हेरी गुड!" ऑफिसरने एका हाताने नाक धरलं, दुसऱ्या हाताने बॅग बंद केली आणि मानेनेच "जा" म्हणाला. कुत्रा मात्र आमच्याकडे वळून वळून बघत होता.

टॅक्सीत मी तोंड फुगवून बसले, तर बाबा म्हणाले, "परक्या देशातल्या कुत्र्याक कळला. पोटच्या पोरीक नाय कळला!"

---

व्हिएन्नातला राजवाडा दाखवायला मी खास गाइड ठरवली होती. सोन्याची नक्षी, झुंबरं, आरसे, एकामागून एक दालनं. गाइड बिचारी जीव तोडून राण्यांच्या कहाण्या सांगत होती. आई शांत. मला वाटलं, भारावली!

सातव्या-आठव्या दालनात आईने मला कोपराने ढोसलं. "तिला विचार, एवढ्या खोल्यांचा केर कोण काढायचं?"

मी नाइलाजाने विचारलं. गाइड म्हणाली, नोकर होते, पुष्कळ होते.

"मग त्यांच्या खोल्या दाखव म्हणावं."

गाइड म्हणाली, तो भाग बघायला खुला नाही.

"म्हणजे अर्धंच घर दाखवलं," आई म्हणाली, आणि पुढच्या दालनात गेली. त्यानंतर ती गाइड प्रत्येक वाक्य बोलताना आधी आईकडे बघायची!

---

प्रागमध्ये एक जुनं, प्रसिद्ध घड्याळ आहे. दर तासाला त्यातला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून संतांच्या बाहुल्या फिरतात. हे बघायला सगळं जग माना वर करून उन्हात उभं असतं. आम्हीही राहिलो. ठोके पडले, बाहुल्या फिरल्या, खिडक्या बंद!

"झालं?" बाबा म्हणाले.

"झालं."

"एवढ्यासाठी उभं केलंस? आपल्या गल्लीतल्या गणपतीचा देखावा याच्यापेक्षा मोठा असतो. वर लाइटिंग!"

मी निमूट निघाले, तर बाबा जागचे हलेनात. म्हणे पुढच्या तासालाही बघायचंय. मनात म्हटलं, चला, शेवटी काहीतरी आवडलं! तासाभराने ठोके पडले, सगळ्यांनी माना वर केल्या. बाबा घड्याळाकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभे! एवढा जमाव एकाच वेळी तोंड उघडं टाकून उभा, तो डोळे भरून बघत होते.

"हे बरं होतं," म्हणाले. "पहिल्या वेळी आपण पण असेच दिसत असणार."

---

आता ते रोम.

कलोसियमसमोर उभं राहिल्यावर भल्याभल्यांची बोलती बंद होते. बाबांची सुरू झाली. त्यांनी इमारतीला पूर्ण फेरी मारली, मोडक्या बाजूकडे बराच वेळ बघितलं, आणि जड आवाजात म्हणाले, "रिडेव्हलपमेंट अडकलंय."

"बाबा, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे!"

"तेच सांगतोय. दोन मेंबर सह्या करत नसणार."

मग मी त्यांना दुसऱ्या एका प्राचीन देवळात नेलं. त्याच्या घुमटाला मधोमध मोठं गोल भोक आहे, मुद्दाम ठेवलेलं. पाऊस सरळ आत पडतो. लोक त्या भोकातून येणारा उजेड बघून गहिवरतात. बाबांनी वर बघितलं, खाली ओल्या फरशीकडे बघितलं आणि आईला म्हणाले, "बघ! आणि आपले टॉप फ्लोअरवाले एका डागासाठी माझ्या दारात येऊन बोंबलतात!"

---

पॅरिसला आयफेल टॉवरसमोर बाबांनी शेजारच्या सावंतकाकांना व्हिडिओ कॉल लावला. टॉवर कॅमेऱ्यात नीट यावा म्हणून मला हिरवळीवर आडवं पाडून फोन धरायला लावला. सावंतकाका सोसायटीतले पक्के विरोधी पक्ष. दोन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचं ठरत होतं, ते त्यांनी एकट्याने हाणून पाडलं होतं.

"काय सावंत, दिसतोय का?" बाबांनी छाती पुढे काढून विचारलं.

सावंतकाकांनी चष्मा वर केला, स्क्रीन जवळ घेतली. बराच वेळ बघितलं.

"दिसतोय," म्हणाले. "आजूबाजूच्या बिल्डिंगवाल्यांची एनओसी घेतली होती का?"

बाबांनी कॉल कट केला. 

---

शेवटी बुडापेस्ट. महिनाभर चालून आईचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या जुन्या स्नानगृहात नेलं. मोठमोठे उघडे हौद, आजूबाजूला राजवाड्यासारखी पिवळी इमारत, पाण्यातून वाफा. मी आईसाठी पूर्ण बाह्यांचा पोहायचा ड्रेस आधीच घेऊन ठेवला होता.

"तिला कशाला?" बाबा म्हणाले. "तिला पाण्याची भीती वाटते. आक्साला जा, गोराईला जा, कधी पाण्यात आली नाही ती."

हे खरं होतं. लहानपणापासून मी समुद्रावरची आई एकाच जागी बघितलीय. वाळूत चादर, चादरीवर आमच्या चपला, टॉवेल, डबे, बाबांचं पाकीट आणि मधोमध आई.

"तुम्ही जा. मी बसते इथे सामानापाशी," इथेही आई म्हणाली.

मी म्हटलं, "आई, सामान लॉकरमध्ये आहे. चावी माझ्या हाताला बांधलीय."

आईने आजूबाजूला बघितलं. चादर नाही, चपला नाहीत, डबे नाहीत. थोडा वेळ हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना.

बाबा एव्हाना कमरेएवढ्या गरम पाण्यात दांडा धरून उभे होते आणि मला सूचना देत होते. "तिला कडेलाच बसव! पाय सोडून बसू दे!"

शेजारी पोहायचा लांब हौद होता. तिथे टोपी सक्तीची. आईने मला फक्त एवढंच विचारलं, "टोपी कुठे मिळते गं?"

तिने टोपी घातली, साडीचा पदर खोचावा तशी बाही मनगटाशी खेचून घेतली, शिडीने उतरली आणि निघाली. शिंतोडा न उडवता, लांब लांब हात टाकत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे भिंतीला पाय लावून वळली आणि परत आली. मी काठापाशी पोचायच्या आत ती परत निघालीसुद्धा.

बाबा दांडा सोडून, निथळत, हौदाच्या काठाशी येऊन उभे राहिले. आई परत आली तेव्हा त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "अगो, तुका पोवूक येता?"

आईने तोंडावरचं पाणी पुसलं.

"देवबागची मी. खाडी पोहून शाळेत जायचो आम्ही."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं," आई म्हणाली. "पण मग सामान कोणी सांभाळलं असतं?"

आणि ती परत वळली.