नर्सबाईंचा पायगुण

“म्हणजे तुझ्या मते मी जन्मभर टेलिफोन खात्यात माशा मारल्या,” सासरे म्हणाले.

सुनेने तसं म्हटलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक वस्तूला हाताने कायमचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेटसाठीचा नंबर, देण्यापेक्षा ते नंबर राउटरला आपोआप वाटू द्यावेत, निदान तिच्या कॉम्प्युटरला तरी यातून मोकळं करावं, एवढंच ती म्हणाली होती. सासऱ्यांना ते पटत नव्हतं. रोज नंबर बदलणारी वस्तू त्यांना उनाड वाटे. टीव्ही, प्रिंटर, सुनेचा कॉम्प्युटर, सगळ्यांवर त्यांनी नंबराच्या पांढऱ्या पट्ट्या डकवल्या होत्या. सोफ्यावर बसलेला नवरा मान खाली घालून नखं कापत होता.

सून विमा कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. चिडलेल्या माणसाला शांत करण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आल्यावर तिने घरून काम मागून घेतलं. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, भरवायचं, मग कानाला हेडफोन लावायचा. दुपारी मालिश करायला नर्सबाई येत आणि नेमकं तेव्हाच सुनेचं इंटरनेट तुटे. घरात त्याला नर्सबाईंचा पायगुण म्हणून हसत.

आज एक विधवा बाई नवऱ्याच्या दाव्याबद्दल विचारताना रडत होती आणि मध्येच इंटरनेट तुटून फोन कापला गेला. बाईला वाटलं, मुद्दाम ठेवला. तिने वर तक्रार केली. साहेबांनी सुनेला सांगितलं, सोमवारपासून ऑफिसात येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या.

ती आमटी गरम करायला आत गेली, तसा नवरा मागून आला. हळू आवाजात म्हणाला, “राउटर जे नंबर आपोआप वाटतो, त्यांतलाच एक बाबांनी तुझ्या कॉम्प्युटरला दिलाय. नर्सबाई आल्या की त्यांचा फोन आपल्या वायफायला लागतो आणि राउटर त्याला नेमका तोच देतो. एका नंबरावर दोघं आली की अडकतं. बाबांनी त्या वाटपाबाहेरचा दिला असता तर काही झालं नसतं.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच आठवड्यात. पण बाबांची चूक काढायची म्हणजे... या वयात त्यांना तेवढाच विरंगुळा. तू घेतेस ना सांभाळून.”

तिने गॅस बंद केला. आता बदलून देतो, तो म्हणाला. ती आमटीचं भांडं उचलून बाहेर आली.

सासरे टेबलाशी येऊन बसले होते. तिने तिघांची ताटं वाढली, आमटीचं भांडं मध्ये ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं, “सोमवारपासून मी ऑफिसात जाणार. आठला निघेन, सातला येईन. आईंचं भरवणं, पुसणं, कपडे बदलणं तुम्ही दोघांनी बघायचं.”