पेठ नाक्यावरचा फोन

मोबाइल नुकते स्वस्त झाले होते, तेव्हाची गोष्ट. पेठ नाक्यावर मी रिक्षाची वाट बघत होते. द्राक्षबागेत कामाला आलेली सुरगाण्याकडची एक बाई नवा फोन घेऊन जवळ आली.

‘‘मावशी, भावाला फोन लावायला शिकव ना.’’

‘‘आण गं, देते लावून.’’

तिनं फोन छातीशी धरला. ‘‘लावून तर मुकादम बी देतो. मंग तिथंच उभा राहून आयकतो. त्यानं माझा हात धरला, ते त्याच्यासमोर कसं सांगू?’’

मग काय, शिकवलं बाई. नंबर तिला पाठ होता. प्रत्येक बटणाआधी अंगठा लुगड्याला पुसायची. भावाचा आवाज आला, तशी पाठ फिरवून लांब झाडाखाली गेली. काय बोलली, मला ऐकू आलं नाही. तेच तर तिला हवं होतं.