कोनाकडे आले, ते सांगून टाका

पुण्यातलं कोणी आमच्या वाशिमकडे निघालं की मला विचारतं, तिकडे काय सांभाळायचं? मी सांगते, डोक्याला रुमाल बांधा, ठेचा जरा बेतानं घ्या आणि चहाला नाही म्हणू नका. अर्धा कप घ्या, पण घ्या. नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, याले आमच्या घरचं चालत नाही. कामाचं बोलणं बसल्या बसल्या काढू नका. आधी पाऊस, मग कापूस, मग लेकरंबाळं, मग काम.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कोणाकडे आलात ते विचारायच्या आधीच सांगून टाका. 'कोन्या गावचे? कोनाकडे? काय काम काढलं?' हे आमच्याकडे रस्त्यावरचं कोणीही विचारतं. त्यात नाक खुपसणं नसतं हो, तो आमचा नमस्कार असतो. एकदा का यजमान कोण ते कळलं, की तुमची पिशवीसुद्धा तुमच्या हातात राहत नाही. पण तोंडाला कुलूप लावलं तर काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

ते नसबंदीच्या मोहिमेचे दिवस होते. आमचं गाव शेलूबाजारहून आत, पायवाटेचं. गावात अनोळखी पांढरा शर्ट दिसला, की बापे घरातून गायब. मी मॅट्रिक झाले होते आणि मला पुढं शिकून मास्तरीण व्हायचं होतं. पुण्याचं एक स्थळ आलं, मुलगा सरकारी कचेरीत कारकून. लग्नानंतर शिकू देऊ, असा त्यांचा निरोप होता. मी त्याचा फोटो पाहिला होता आणि तो मला आवडलाही होता, आता लाजायचं काय त्यात. पण दुसरीकडे अनसिंगचा एक बिजवर तयार बसला होता. मोठी शेती, दारात बंडी-बैल, आणि 'शिकून काय करते?' हा त्याचा सवाल. पुण्याचे पाहुणे येऊन गेले, की दुसऱ्याच दिवशी बाबा त्याला जबाब देणार होते. म्हणजे पुण्याचं जमायचं तर त्याच दिवशी, नाहीतर मी चालले अनसिंगला शेणपाणी करायला.

मुलगा मामाला घेऊन येणार होता. मामाला ऐनवेळी ताप आला आणि हा एकटाच एस्टीतून शेलूबाजारला उतरला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत काळी बॅग. हॉटेलापाशी एकानं विचारलं, "कोन्या गावचे भाऊ?"

"पुण्याचा."

"कोनाकडे चालले?"

"आहे जरा काम."

"काय काम?"

"खासगी आहे."

"नोकरी कुठं?"

"सरकारी."

झालं. मुलगी बघायला आलोय असं रस्त्यात कसं सांगायचं, म्हणून बिचारा गप्प राहिला. विचारणारा सायकलवर टांग टाकून त्याच्या आधी गावात पोचला. सायब येऊन राह्यला, एकटाच हाये, काम सांगत नाही. गावातल्या बाप्यांना पळता भुई थोडी झाली. माझे बाबा पाहुण्यांसाठी नवं धोतर आणि परीटघडीची टोपी घालून ओसरीत बसले होते. तेही उठले आणि मागच्या दारानं तुरीत शिरले. मुलगा मामाबरोबर येईल, एकटा नाही, असंच ते धरून होते.

गावात सगळी दारं बंद. आमचं तेवढं उघडं होतं, म्हणून तो तिथंच येऊन उभा राहिला. आई दारात आडवी झाली. "घरी मानूस नाही सायब. आमचं समदं झालं हाये, तुमी पुढं जा."

मी चुलीपुढून डोकावले आणि फोटोतला चेहरा ओळखला. याला संध्याकाळची गाडी गाठायची होती, आणि बोलणी करणारा बाप तुरीत. मग मी सरळ बाहेर आले. त्या काळी मुलगी अशी बाहेर येत नसे, पण तेवढं पाहायला वेळ कोणाला होता?

"कोनाकडे आले ते सांगतलं नाही का कोनाले?"

"नाही."

"काहून?"

"असं कसं सांगायचं रस्त्यात?" तो कानापर्यंत लाल झाला.

"आता शिवारात जाऊन मोठ्यानं सांगा. माहे बाबा त्या तुरीत हायेत."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. तो निघाला. मीही मागोमाग तुरीच्या कडेला असलेल्या बुद्धविहारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. तूर डोक्याच्या वर गेलेली. तो बांधावर चढला, घसा साफ केला आणि पुस्तकी मराठीत म्हणाला, "मी पुण्याहून आलो आहे." तूर गप्प. "मी सरकारी कामासाठी आलेलो नाही." तूर आणखीच गप्प, सरकारी माणूस हेच म्हणणार. त्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच खुणावलं, सांगा की. मग तो माझ्याकडे बोट दाखवून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडला, "मी यांच्या घरचा जावई आहे."

आधी बाबांची टोपी वर आली. मग इकडून एक, तिकडून एक, अर्धं गाव तुरीतून उभं राहिलं. एक म्हातारबा म्हणाला, "उतावळा नवरा गुडघ्याले बाशिंग." सगळे बापे हसायला लागले. भीती गेली होती ना, म्हणून जास्तच हसले.

बाबा अंगावरचा पाला झटकत बांधावर आले. "पोरगी पाह्यली का तुमी?"

"पाहिली. तिनंच मला इकडे पाठवलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चारचौघांत बोलणी खावी लागणार. अनसिंगचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी आईशी बोलणं केलं होतं, भावकीशी केलं होतं, माझ्याशी नाही. पण जावई एकदा बांधावरून ओरडून झालेला, साक्षीला अर्धं गाव.

"तुले पसंत हाये का व?" त्यांनी तिथूनच विचारलं.

मला आजवर असं कोणी काही विचारलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. पण त्या दिवशी मी एकाला मोठ्यानं सांगायला शिकवलं होतं, मग मीही विहारापासून मोठ्यानंच सांगितलं, "हो."